बसून फिरायच्या छोट्या रेल्वेचे डबे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कृषी पर्यटन केंद्रात, शाळेच्या आवारात किंवा बागेत चालवायच्या छोट्या रेल्वेच्या डब्यांविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. आधी एका शब्दाचा खुलासा. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. खाली मात्र बोगी म्हणजे डब्याच्या दोन्ही टोकांखाली बसणारा, वळू शकणारा चार चाकांचा गाडा.

प्रश्न (बीड) : केंद्रात दोनशे मीटरची गोल लाइन टाकायची आहे. सव्वासात इंची (१८४ मिमी) गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, घ्यावे की पंधरा इंची (३८१ मिमी)? मुलांबरोबर आजी-आजोबाही बसतील.

उत्तर : आजी-आजोबा बसणार असतील आणि जागा व पैसा असेल, तर पंधरा इंची. इंग्लंडमध्ये आर्थर हेवूड यांनी आधी नऊ इंची लाइन करून पाहिली. माणसे नेण्याइतकी ती स्थिर नाही, हे दिसल्यावर १८७४ मध्ये त्यांनी डफील्ड बँक येथे पंधरा इंची लाइन सुरू केली. सव्वासात इंचावर आज अनेक देशांत माणसे बसतात, पण तिथे गाडीची रुंदी माणसाच्या खांद्यांपेक्षा कमी असते. त्यामुळे घोड्यावर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे, बैठक रुळाच्या माथ्यापासून ३५० मिमीपेक्षा उंच न्यायची नाही आणि वेग ताशी ८ किमीच्या आत ठेवायचा, या अटी पाळाव्याच लागतात. समोरासमोर बाके, वर छत, असा डबा १८४ मिमीवर करू नका. तो दिसतो छान, पण उलटतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : १८४ मिमीचा आमचा डबा वळणावर कलंडला. दोघे मोठे बसले होते आणि फोटोसाठी बाहेर झुकले. रूळ तपासले, ठीक आहेत. रिकामा डबा १०० किलोचा आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : हलका डबा आणि जड माणसे, ही चूक. आकडे मांडले की स्पष्ट दिसते. दोन्ही रुळांवर चाके टेकतात त्या जागांमधले अंतर साधारण १९० मिमी, म्हणजे मध्यापासून रूळ ९५ मिमीवर. एकूण वजनाचा मध्य याच्या पलीकडे गेला की डबा जातो. सत्तर किलोचे दोघे झुकले आणि त्यांच्या शरीराचा मध्य १५० मिमी बाहेर गेला, असे धरू. १४० ला १५० ने गुणा आणि एकूण २४० किलोने भागा : ८७ मिमी. शिल्लक उरले ८ मिमी. आता १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १२ किमी वेगाने वजनाच्या साडेसात टक्के जोर बाहेरच्या बाजूला लागतो. वजनाचा मध्य रुळापासून ४३० मिमी उंच असेल, तर हे आणखी ३२ मिमी सरकण्यासारखे आहे. वेग ताशी ८ किमीवर आणला तरी १४ मिमी वाढतातच. दोन्ही वेळा बेरीज ९५ च्या पुढे जाते.

उपाय म्हणजे डब्याचे वजन तळाशी वाढवणे. ३०० × ६०० मिमी आकाराच्या, २० मिमी जाडीच्या दोन प्लेटा एकावर एक ठेवून दोन बोग्यांच्या मधल्या जागेत फ्रेमखाली बोल्टने आवळा. दोन्हींचे मिळून ५६ किलो होते. रिकामा डबा १५६ किलोचा झाला की झुकण्यामुळे होणारे सरकणे ८७ वरून ७१ मिमीवर येते आणि वजनाचा मध्यही खाली उतरतो. ताशी ८ किमीला सगळे मिळून ८३ मिमी. डबा उभा राहतो, पण हातचा राखून ठेवण्याइतकी जागा तरीही नाही. म्हणून बैठक २५० मिमीपेक्षा रुंद करू नका आणि धरायची दांडी बैठकीच्या मधोमध द्या. दांडी कडेला दिली की माणूस तिच्याकडे झुकतोच.

वळणाप्रमाणे स्टेशनवरही डबे उलटतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पायफळी मध्यापासून २०० मिमीवर असेल आणि दोघे एकदम एकाच बाजूने चढले, तर १०० किलोचा डबा त्यांच्या अंगावर येणारच. १५६ किलोचा जेमतेम टिकतो. त्यामुळे चढताना एका वेळी एकच माणूस, आणि फलाटाच्या बाजूला पायफळीखाली ५ मिमी फट ठेवून पक्का लाकडी ठोकळा. डबा कललाच तर त्यावर टेकेल. स्टेशन वळणावर नको. वळणात बाहेरचा रूळ ५ मिमीपेक्षा जास्त उचलू नका. दहा मिमी उचलला, तर गाडी तिथे थांबताच वजनाचा मध्य २२-२३ मिमी आतल्या बाजूला गेलेला असतो.

प्रश्न (परभणी) : पावसाळ्याआधी रूळ लेव्हलमध्ये बसवले होते. दिवाळीनंतर दोन ठरावीक जागी रिकामा डबा उतरतो. माणसे बसली की तोच डबा नीट जातो. चाकांचे माप बरोबर आहे. बोगीच्या फ्रेमला चारही कोपऱ्यांत वेल्डिंग आहे, स्प्रिंगा नाहीत.

उत्तर : तुमची जमीन काळी असणार. काळी माती पावसात फुगते आणि पाणी ओसरले की आकसते, तीही सगळीकडे सारखी नाही. दोन्ही रूळ एकत्र खाली गेले तर डब्याला काही होत नाही. एक रूळ दुसऱ्यापेक्षा जास्त बसला की लाइनला पीळ पडतो, आणि डबा उतरवतो तो हा पीळ.

चारही कोपरे वेल्ड केलेली बोगी म्हणजे चार पायांचे टेबल. ओबडधोबड फरशीवर टेबलाचा एक पाय अधांतरी राहतो. तिपाई मात्र कुठेही टेकते. पिळात एक चाक उचलले जाते, त्याच्यावरचा भार जातो आणि वळणात त्याची फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, रुळावर चढते. शंभर किलोच्या रिकाम्या डब्यात एका चाकावर साडेबारा किलोच भार असतो, दोघे बसल्यावर तीस. भार वाढला की फ्रेम थोडी वाकते आणि चाक रुळाला भिडते. म्हणून भरलेला डबा तरतो.

बोगीलाच तिपाई करून टाका. दोन्ही बाजूंना ७५ × १२ मिमीच्या पट्ट्या, दोन धुऱ्यांमध्ये ३०० मिमी अंतर आणि मध्ये आडवा बोल्स्टर (ज्याच्यावर डबा टेकतो तो दांडा) ६० × ६० × ४ मिमी बॉक्स पाइपचा. उजवी पट्टी बोल्स्टरला १२ मिमीच्या दोन बोल्टांनी पक्की. डावी पट्टी मात्र एकाच १६ मिमीच्या बोल्टवर, बुश घालून, वर-खाली झुलेल अशी. नायलॉक नट पूर्ण आवळायचा नाही, अर्धा मिमी खेळ ठेवायचा. झुलणे प्रत्येक टोकाला ५ मिमीवर अडवणारा ठोकळा वेल्ड करा. बस्स, आता चारही चाके रुळाला धरून राहतील.

यात एक अडचण येते आणि पुष्कळ जण तिथेच फसतात. पट्टी झुलली की धुरा बेअरिंगमध्ये तिरका होतो. ६२०४ सारखे साधे बॉल बेअरिंग हे सहन करत नाही. ते गरम होते आणि आवाज करू लागते. त्याऐवजी स्वतः सरळ होणारे २२०४-२आरएस घ्या. आतले भोक २० आणि बाहेरचा व्यास ४७ मिमी, म्हणजे ६२०४ सारखाच. जाडी मात्र १४ ऐवजी १८ मिमी. दोन्हीकडे रबरी सील असल्याने आपल्याकडच्या धुळीतही टिकते. ते दीड अंशापर्यंतचा तिरकेपणा चालवून घेते. एका चाकाखाली ८ मिमीचा खड्डा आला, तरी बोल्स्टरच्या हिशेबाने धुरा सव्वा अंशाच्या आतच तिरका होतो.

डब्याच्या फ्रेमसाठीही हाच विचार करा. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बोग्यांवर साइड पॅड (डबा बाजूंना कलू नये म्हणून बोगी आणि फ्रेम यांच्यामध्ये द्यायचे टेकू) घट्ट बसवले तर डबा पुन्हा टेबल होतो. एका बोगीवर नायलॉनचे पॅड १ मिमी फटीने आणि दुसऱ्या बोगीवर रबराचे पॅड ४ मिमी फटीने द्या. पॅड मध्यापासून किमान १०० मिमी बाहेर हवेत. ते रुळाच्या रेषेच्या आत असले, तर चाके रुळावर राहतात आणि डबा मात्र बोगीवरून कलतो. मग त्याला धरून ठेवायला उरतो फक्त मधला किंगबोल्ट, म्हणजे डबा बोगीला जोडणारा उभा बोल्ट. तो २० मिमीचा घ्या. नट ३ मिमी सैल ठेवून स्प्लिट पिन मारा.

काम झाल्यावर कागदाने तपासा. सपाट प्लेटवर बोगी उभी करा, एका चाकाखाली ६ मिमीची पट्टी सारा, बोल्स्टरवर वीस किलो ठेवा. उरलेल्या तीन चाकांखालचा कागद ओढून पाहा. एकही कागद सहज निघाला, तर कुठेतरी बोल्ट जाम आहे.

रुळांकडेही बघायलाच हवे. काळी माती किमान ३०० मिमी खोल काढून टाका, तिथे मुरूम दाबून भरा, वर २० मिमी आकाराची खडी घाला आणि दोन्हीकडे पाणी वाहून जाईल अशी नाली काढा. मग दर अर्ध्या मीटरला आडवी स्पिरिट लेव्हल ठेवून आकडे वहीत लिहा. एक मीटरच्या अंतरात दोन रुळांच्या उंचीतला फरक ३ मिमीपेक्षा जास्त बदलला, तर त्या जागी पॅकिंग करा. दसरा आणि होळी, अशी वर्षातून दोनदा ही मोजणी करावी.

प्रश्न (जालना) : आमचे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. इथे टीएमटी सळई सहज आणि स्वस्त मिळते. २५ मिमीच्या सळईचा धुरा चालेल का?

उत्तर : नाही. टीएमटीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते, आतला गाभा मऊ असतो. बेअरिंगची जागा करायला लेथवर लावली की पहिल्यांदा तो कडक थरच निघून जातो. शिवाय सळई नीट गोल नसते, तिच्या अंगावर उंचवटे असतात. काँक्रीटसाठी केलेली वस्तू काँक्रीटमध्येच राहू द्या. धुऱ्यासाठी ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) चा २५ मिमी ब्राइट बार घ्या आणि बेअरिंगच्या जागी २० मिमीपर्यंत उतरवा. उतरवलेल्या खांद्यात १ मिमीची गोलाई ठेवा. टोकदार कोपरा ठेवला तर धुरा तिथूनच तुटतो.

चाके ईएन-८ च्या गोल बारमधून किंवा ओतीव लोखंडाची, १२० मिमी व्यासाची. चाकाच्या धावेला २० ला १ असा उतार हवा. फ्लँज जिथे धावेला मिळते तिथे ३ मिमीची गोलाई हवी. ती नसेल तर फ्लँज रुळाच्या कडेला घासत राहते. चाके बसवल्यावर दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधले अंतर तीन जागी व्हर्निअरने मोजा, फरक ०.३ मिमीपेक्षा जास्त नको. सगळ्या डब्यांना हे माप एकच ठेवा, नाहीतर गाडी एका लाइनवरून दुसरीवर जाते त्या काट्यात एखादाच डबा अडकेल आणि कारण सापडायला महिना जाईल. रूळ म्हणून पट्टी उभी लावत असाल, तर तिच्या आतल्या वरच्या कडेला ग्राइंडरने २ मिमी गोलाई द्या.

प्रश्न (लातूर) : प्रत्येक डब्याला दोन बोग्या करण्याऐवजी साधा चारचाकी डबा केला तर खर्च वाचेल ना?

उत्तर : वाचेल, पण तो एकाच माणसाचा डबा करा. दोघे बसले की ३०० किलो दोन धुऱ्यांवर येतात, प्रत्येकी १५०. बोगी असेल तर धुऱ्यामागे ७५. हलका रूळ असेल तर भार वाटून टाका, हे तत्त्व लातूरकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आलेली ७६२ मिमी गेजची बार्शी लाइट रेल्वे याच हिशेबावर उभी होती : कुठल्याही धुऱ्यावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, म्हणून रूळही हलके. शिवाय चारचाकी डब्यात धुऱ्यांमधले अंतर ६०० मिमी ठेवले, तर १२ मीटरच्या वळणावर चाक रुळाला बोगीच्या दुप्पट तिरके लागते आणि फ्लँज तितकीच लवकर झिजते.

प्रश्न (हिंगोली) : इंजिन मागे लावून ढकलले की मधला रिकामा डबा इंग्रजी एसच्या आकाराच्या वळणात उतरतो. ओढताना काही होत नाही.

उत्तर : तुमची जोडदांडी आखूड असणार. दोन मीटर लांब आणि बोग्यांमध्ये १.३ मीटर अंतर असलेल्या डब्याचे टोक १२ मीटरच्या वळणात २४ मिमी बाहेर जाते. उलट्या वळणात शेजारच्या डब्याचे टोक तितकेच दुसरीकडे जाते, म्हणजे फरक ४८ मिमी. दांडी १५० मिमीची असेल तर ती १८ अंश तिरकी होते आणि ढकलण्याच्या जोराचा जवळजवळ तिसरा हिस्सा डब्याला आडवा ढकलतो. दांडी ३०० मिमीची केली की हा जोर निम्मा होतो. दांडीची खीळ फ्रेमच्या टोकाशी न मारता आत, फ्रेमखाली सरकवा. म्हणजे दांडी लांब होते आणि दोन डब्यांतली फट वाढत नाही. दोन उलट्या वळणांमध्ये निदान एक डबा लांबीचा सरळ रूळ टाका. रिकामे डबे नेहमी इंजिनापासून सर्वांत लांब ठेवा. दांडीशिवाय दोन साखळ्या, एकमेकींना फुली मारून, प्रत्येक जोडाला हव्यातच.

प्रश्न (धाराशिव) : आमच्या लाइनवर साठाला एक उतार आहे. इंजिनाला ब्रेक आहेत. डब्यांना खरेच लागतात का?

उत्तर : लागतात. चार भरलेले डबे १२०० किलो आणि इंजिन २०० किलो धरा. उताराचा ओढ २३ किलो. ताशी ८ किमीवरून पाच मीटरमध्ये सपाटीवर थांबायला ७१ किलो जोर लागतो. उतारावर तोच ९४. इंजिनाची चाके कोरड्या रुळावर फार तर आपल्या वजनाच्या वीस टक्के, म्हणजे ४० किलो धरतात. उताराचे २३ वजा केले की उरतात १७, आणि गाडी थांबायला एकवीस मीटर घेते. सकाळचे दव किंवा पहिला पाऊस असेल तर पकड निम्मी होते : २० किलो. उतार २३ किलोने ओढतो आहे. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबतच नाही.

प्रत्येक डब्याला आठही चाकांवर ब्रेकचे ब्लॉक द्या. रिकाम्या डब्याची चाके घसरू नयेत म्हणून ब्रेकचा जोर रिकाम्या वजनाच्या पंधरा टक्के ठेवा : १५६ किलोच्या डब्याला २३. चार डब्यांचे मिळून ९२ होतात, वर इंजिनाचे ब्रेक आहेतच. ब्लॉकचे घर्षण ०.३ धरले तर आठ ब्लॉकांवर एकूण ७८ किलो दाब लागतो, प्रत्येकी सुमारे दहा.

हा दाब स्प्रिंगने द्या आणि व्हॅक्यूमने सोडवा. ३० किलो जोराची स्प्रिंग, २.६ ला १ असा लिव्हर. तिला मागे ओढायला १०० मिमी व्यासाचा डायफ्राम (रबरी पडदा). अर्ध्या वातावरणाच्या व्हॅक्यूमला तो ३९ किलो ओढतो, म्हणजे स्प्रिंगपेक्षा नऊ किलो जास्त. डबे सुटून नळी निघाली की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. आपल्या जुन्या मीटरगेज गाड्यांचे व्हॅक्यूम ब्रेकही नळी तुटली की असेच लागत. केबल ओढून लागणारे सायकलसारखे ब्रेक यासाठी वापरू नका, कारण केबल तुटली की ब्रेक गेला. महिन्यातून एकदा नळी मुद्दाम सोडून पाहा, आणि चाकावर सपाट डाग पडला आहे का तेही बघा. डाग असेल तर लिव्हरचे प्रमाण कमी करा.

प्रश्न (नांदेड) : शाळेसाठी डबे करतो आहोत. मुलींच्या ओढण्या आणि पालक आल्या तर साडीचे पदर यांची काळजी कशी घ्यावी? उन्हाचे काय?

उत्तर : पदराचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि परदेशी नकाशांत तो सापडत नाही. घोड्यासारखे बसल्यावर साडीचा घोळ थेट चाकाच्या उंचीवर येतो. बैठकीपासून पायफळीपर्यंत दोन्ही बाजू १.६ मिमी पत्र्याने बंद करा. पायफळीला बाहेरून ७५ मिमी उंच कड द्या, म्हणजे पाय घसरून जमिनीला लागणार नाही. दोन डब्यांमधल्या फटीवर रबरी पट्टा लावा. नऊवारी किंवा सहावारी नेसलेल्या बायकांसाठी एक डबा एका बाजूला पाय सोडून बसायचा करावा. तो एकाच व्यक्तीचा ठेवा, बैठक आणखी ५० मिमी खाली घ्या आणि पाय सोडतात त्याच्या विरुद्ध बाजूला प्लेटांचे वजन लावा.

उन्हाचे सांगायचे तर काळे रेक्झिन आणि उघडी लोखंडी दांडी एप्रिल-मे महिन्यांत लहान मुलांच्या हाता-मांडीला चटका देतात. बैठक सागवानी पट्ट्यांची करा, पट्ट्यांमध्ये ८ मिमी फट ठेवा. दांडीवर सायकलची ग्रिप चढवा. बॉक्स पाइपच्या प्रत्येक बंद नळीला खालून ६ मिमीचे भोक पाडा. ते नसेल तर पावसाचे पाणी आत साचते आणि तिसऱ्या वर्षी फ्रेम आतून गंजून वेल्डिंगजवळ फाटते. रुळांनाही उन्हाचा हिशेब लागतो. हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत लोखंड पन्नास अंशांनी तापले, तर सहा मीटरची पट्टी साडेतीन मिमी वाढते. डिसेंबरात टाकत असाल तर सांध्यात ४ मिमी फट ठेवा, मेमध्ये टाकत असाल तर १ मिमी पुरे.